शनिवारी सहाचा फोन

तिळाहूनही लहान ठिपका... सिमकार्डाच्या खाचेत, आत, भिंगाखाली. पांढरा असायला हवा होता म्हणे, आणि हा तर लालभडक. सिल्वी त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी कुओपिओ गावातल्या याच दुकानातून फोन घेतला, तेव्हा आत असा चहाडखोर बसलाय हे कुणी सांगितलं नव्हतं.

"लाल झाला म्हणजे ओल आत गेली," काउंटरवरची बाई म्हणाली. "असा फोन आम्हाला परत घेता येत नाही."

"पाण्यात पाडलास का, आई?"

हेन्रीका हेलसिंकीहून चार तास गाडीत बसून आली होती. फोनची योजना लेकीच्या नावावर, सही तिचीच लागायची. दर दोन वर्षांनी जुना फोन द्यायचा, नवा घ्यायचा, आणि महिन्याच्या महिन्याला भरत राहायचं... आतबट्ट्याचा व्यवहार, हे सिल्वीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एक कोट सतरा हिवाळे वापरणारी बाई ती. पण या निमित्तानं पोरीला यावं लागतं, शेजारच्या खुर्चीवर बसावं लागतं, मग कॉफी, दालचिनीचा पाव... ते हिशोबात कुठे धरायचं?

"नाही पाडला," ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं. पाडला नव्हताच, कोरड्या टॉवेलात गुंडाळून सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, खालच्या बाकावर ठेवला होता, दर शनिवारी.

कारण हेन्रीका फोन करायची शनिवारी सहाला. नेमकी सहाला — तिच्या जन्माआधीपासून सिल्वीच्या घरात सौना तापतो ती वेळ. फोन बाहेर वाजून वाजून गप्प व्हायचा, मग संदेश: 'केला होता. सौनात असशील. सगळं ठीक ना?' सिल्वी लिहायची, 'ठीक.' झालं. विसरत असेल पोर, कामाचा व्याप... वर्षभर तिनं स्वतःची अशी समजूत घातली. मग एका शनिवारी फोन आत नेला. वाजला. उचलला. पलीकडे नुसता श्वास, आणि मग, "अगं... उचललास?" त्या आवाजात आनंद नव्हता. पकडलं गेल्याचा आवाज होता तो, आईला ओळखू येतो. तरीही सिल्वी फोन नेत राहिली. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तिनं तापल्या दगडांवर पाणी टाकणंच सोडलं होतं. फोन ठेवला की मगच एखादी पळी. तेवढीही वाफ त्या ठिपक्याला पुरली.

"बंदच करू या ही योजना," हेन्रीका म्हणत होती. "परवडत नाहीच, तूच म्हणायचीस. एकदाच चांगला विकत घेऊ, सहा वर्षं बघायला नको."

सहा वर्षं. सहा वर्षं पोरीला इथं यायचं कारणच उरणार नाही. परवडतं गं, मला परवडतं... हे म्हणायचं कोणत्या तोंडानं?

"पण ओल गेली कुठून?" बाई अर्ज भरत होती. "कारण लिहावं लागतं."

काहीही सांगता आलं असतं. पाऊस, सांडलेली कॉफी. लेक समाधानानं सही करून गाडी पकडती.

"सौनात नेते मी," सिल्वी म्हणाली. "शनिवारी सहाला."

बाई खळखळून हसली. "सौनात? अहो, शनिवारी सहाला तर सगळं गावच सौनात असतं, तेव्हा कोण फोन करतं?"

हेन्रीकाची मान लाल होत गेली, कानांपर्यंत. लहानपणी खोटं पकडलं की व्हायची तशीच. सहीसाठी घेतलेलं तिचं पेन कागदावर टेकलं होतं, हलत नव्हतं.

"मग... किती वाजता करू, आई?" तिनं खालच्या आवाजात विचारलं.

दोन वर्षं सिल्वी या प्रश्नाची वाट बघत होती. रविवारी सकाळी, बुधवारी जेवणानंतर — सगळ्या वेळा तिनं मनात लावून ठेवल्या होत्या. आता त्यातली एकही सांगावीशी वाटेना. डोळ्यांपुढे नुसते ते तापलेले दगड येत होते, आणि त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतावं, वाफेच्या फूत्कारात दुसरं काही म्हणजे काही ऐकू येऊ नये, असं तिला फार फार वाटत होतं.