तुम्ही आहात ना?

समुपदेशनाच्या वर्गात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत, आणि त्यात टिंगल कमी, कौतुकच जास्त होतं. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला की शिकाऊ समुपदेशकाची कोण त्रेधा उडते! घसा खवखवतो, नजर घड्याळाकडे जाते आणि नको तो सल्ला तोंडातून निसटतो. मौनीबाबा मात्र जरासा पुढे झुके, मान हलवी आणि खुशाल बसून राही. बाकीचे तोंडात बोटं घालत. त्यांना काय माहीत, बायको वेगळी राहायला गेल्यापासून या पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थाचा घरी रोज संध्याकाळी हाच रियाज चालला होता.

अस्तित्ववाद शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं होतं, की माणूस मुळात एकटा आहे. त्याच्या जगण्याचा अर्थ दुसरं कुणी त्याला आयता आणून देत नाही, तेव्हा तुम्हीही उत्तरं वाटत सुटू नका. वर्गातल्या बऱ्याच जणांचे चेहरे उतरले. मौनीबाबाला उलट हायसं वाटलं. आपल्या घराची जी दशा झाली आहे, तिच्यामागे एवढं भारदस्त तत्त्वज्ञान आहे याची त्याला कल्पना नव्हती. त्याने एकटेपणावर निबंध लिहिला, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि गडी हवेत गेला.

अशा माणसाचा पहिला प्रयोग घरच्यांवर होतो. घरचं म्हणजे एक थोरली बहीण, परगावी राहणारी, दर रविवारी फोन करणारी. तिने नेहमीसारखं विचारलं, "जेवलास का?"

"तुला हे का विचारावंसं वाटलं, ताई?"

वर्गातली शिकवणच तशी होती. प्रश्न आला की चटकन उत्तर द्यायचं नाही. तो अलगद विचारणाऱ्याकडेच परत सरकवायचा, म्हणजे त्याच्या मनातलं बाहेर येतं. ताईच्या मनातलं लगेच बाहेर आलं. तिने त्याच्या नव्या शिक्षणाचा यथासांग उद्धार केला. पुढचे काही रविवार हाच प्रकार झाल्यावर तिचा फोन यायचाच बंद झाला. त्याला ते फार लागलं, पण त्याने निबंधातलीच वाक्यं स्वतःला ऐकवली आणि एकट्याने जेवून घेतलं.

मग त्याला पहिलं खरं माणूस मिळालं, एक मावशी. तोवर सगळा सराव वर्गातल्या वर्गातच, एकमेकांवर. या मावशींनी शिवणकामावर जन्म काढला होता. नवरा गेला, पाठोपाठ नजर गेली, आणि हौसेने घेतलेलं मशीन विकून टाकावं लागलं. समोरचा माणूस त्यांना नुसता धुकट दिसे. शेजारीण त्यांना दारापर्यंत आणून सोडायची. मावशी खुर्ची चाचपत बसायच्या आणि कापडांविषयी, गिऱ्हाइकांविषयी, रिकाम्या हातांविषयी बोलायच्या. मौनीबाबा त्या तासाची आठवडाभर वाट पाहायला लागला. हे त्याने बाईंना सांगितलं नाही.

एके दिवशी मावशी मध्येच गप्प झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत.

आपणहून फोन करायचा नाही, हा समुपदेशन केंद्राचा नियम. शिवाय माणूस आलं नाही तरी त्याचा तास त्याचाच, म्हणून खोलीत पूर्ण वेळ बसून राहायचं. तो बसला. समोर रिकामी खुर्ची, मध्ये कागदी रुमालांचा डबा, बाहेर कुणाच्या तरी चपलांचा आवाज. आवाज जवळ येई तसा तो सावरून बसे, आणि चपला पुढे निघून जात. मावशी आता कधीच आल्या नाहीत तर, या विचाराने त्याला सुचेनासं झालं.

शेवटी, मावशी गप्प झाल्या त्या दिवसाचं, त्यांच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग घेऊन तो बाईंकडे गेला. दोघं ऐकू लागली. मावशींचं बोलणं थांबलं. बराच वेळ नुसती पंख्याची घरघर. मग मावशींचा आवाज आला, "तुम्ही आहात ना?"

आणि त्यावर त्याचा स्वतःचा मऊ, शिकलेला आवाज, "मी नसेन असं तुम्हाला का वाटलं?"

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं. मावशी गप्प असताना तुम्ही काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. मी पुढे झुकलो होतो, मान हलवत होतो, असं तो सांगायला लागला आणि अर्ध्यावरच थांबला. मान हलवलेली ज्यांना दिसत नाही त्यांच्यापुढे तो मान हलवत बसला होता. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने ताईला फोन लावला.

"आता काय विचारणार आहेस?" ताई म्हणाली.

"काही नाही. जेवलो, एवढंच सांगायचं होतं."

ताईने विचारलं, "काय जेवलास?" त्याने सगळं सांगितलं, अगदी करपलेल्या भाजीसकट.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या. सर्दीने पडून होत्या म्हणे. जरा बोलल्या आणि पुन्हा तशाच गप्प झाल्या. त्याने जास्त वेळ जाऊ दिला नाही.

"मी आहे, मावशी," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, तेव्हाच हे सांगायला हवं होतं."

"ते कळत होतं मला. तुमची खुर्ची करकरते."

"मग विचारलंत कशाला?" हा प्रश्न कुठल्याही वर्गात शिकवलेला नव्हता. तो तसाच तोंडातून गेला.

मावशींनी मांडीवरचा पदर बोटांनी सारखा केला, शिलाई तपासावी तसा.

"घरी कुणाला विचारणार?" त्या म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसणार नव्हतं, आणि बोलायला गेलं तर आवाज धड निघाला नसता. म्हणून तो मुद्दाम जरा हलला. खुर्ची करकरली. मावशींनी मान डोलावली आणि पुढचं सांगायला लागल्या.