उजव्या पिळाची दोरी

नातीच्या शंभराव्या दिवसाचा सोहळा उद्या होता आणि ग्वीनामबाईंना शिंका आजच येत होत्या, यात त्यांचा काहीच दोष नव्हता. गावात किमची घालायचे दिवस होते. सहा घरच्या बायकांनी मिळून चारशे कोबी मिठात घालायचे, मग ओल्या हातांनी मसाला चोळायचा, तोही खाडीवरच्या वाऱ्यात. नाक गळणारच. नाक असतंच त्यासाठी, असं त्यांचं मत होतं.

नात जन्मून नव्व्याण्णव दिवस झाले आणि ग्वीनामबाईंनी तिला अजून हातात घेतलं नव्हतं. पहिले दोन आठवडे सून बाळंतिणींच्या केंद्रात. तिथं आजीला आरा काचेपलीकडून दाखवली, दुकानातली बाहुली दाखवतात तशी. मग सून माहेरी गेली, मग इकडे कालवं काढायचा हंगाम लागला. विहीणबाईंनी मात्र बाळाला मांडीवर घेऊन काढलेले अठ्ठावन्न फोटो पाठवले होते. ग्वीनामबाईंनी ते मोजले होते.

म्हणून त्या सकाळच्या बसने ग्वांगजू शहरात आल्या. एका हातात किमचीचा डबा, दुसऱ्यात सोयाबीनच्या चार वाळक्या विटा, भाताच्या पेंढ्यात बांधून. सूनबाईने यंदा घरचं सोयासॉस घालावं, अशी त्यांची इच्छा होती. सूनबाईची नव्हती. लिफ्टमध्ये त्यांनी तीन वेळा शिंकून घेतलं, म्हणजे वर गेल्यावर यायला नको, आणि चौदाव्या मजल्यावर उतरल्या.

दाराला आडवी दोरी होती.

दोरी त्यांना नवी नव्हती. बाळ जन्मलं की एकवीस दिवस दारावर बांधतात, बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून. पण एकवीस दिवस कधीच सरले होते. शिवाय दोरी बाजारची, नायलॉनची, चिकटपट्टीने डकवलेली, आणि तिला तीन लाल मिरच्या लटकत होत्या.

ग्वीनामबाईंनी घंटी दाबली. दाराशेजारच्या इंटरकॉमच्या छोट्या पडद्यातून सुनेचा, यूजंगचा, आवाज आला. "आई, आलात? थकला असाल ना?"

"थकायचं राहू दे. हे काय टांगलंयस?"

"तुमचीच पद्धत, आई. काल फोनवर तुम्ही अकरा वेळा शिंकलात. मी मोजल्या."

"मोजल्या? म्हणजे बोलणं ऐकत नव्हतीस!"

"दोन्ही करत होते. आई, रागावू नका. सर्दी उतरू दे, मग आराला पोटभर घ्या. आत्ता नको."

ग्वीनामबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सून मुलांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर लोकांच्या पोरांच्या नाकातले बोळे तपासायचे आणि संध्याकाळी सासूला शहाणपण शिकवायचं. "चार पोरं वाढवली मी! चौघांची नाकं बारा महिने वाहायची. मेलं का कुणी?"

"नाही मेलं. पण आई, हा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे ना, तो मोठ्या माणसाला नुसता शेंबूड देतो. एवढ्या बाळाच्या छातीतल्या नळ्या असतात दोऱ्याएवढ्या. तिथं तोच शेंबूड अडकला की श्वासच जात नाही. या आठवड्यात आमच्याकडे नऊ बाळं आली. कुणाच्याही घरी कुणी आजारी नव्हतं म्हणे. नुसती कुणाला तरी सर्दी होती."

"मी मास्क लावते."

"तुम्ही पापी घ्यायला तो खाली ओढाल."

ते खरं होतं, म्हणून ग्वीनामबाई जास्तच चिडल्या. "अरे थेसू! आहेस का घरात? आई दाराबाहेर उभी आहे तुझी!"

मुलाचा आवाज फार लांबून आला. "आहे, आई." तेवढंच. तो लहानपणी आईपुढे गप्प बसायला शिकला होता आणि लग्नानंतर ती विद्या त्याच्या फार उपयोगी पडली होती.

"आई," यूजंग हळूच म्हणाली, "थेसूच्या वेळची गोष्ट तुम्हीच सांगता ना? तुमची आई बाळंतिणीच्या सुपासाठी समुद्रशेवाळ घेऊन आली होती, खोकत होती, आणि तुम्ही तिला दोरीबाहेरूनच परत पाठवलंत. आमच्या लग्नात तीनदा सांगितलीत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती गोष्ट त्या नेहमी तोऱ्यात सांगत. शेवाळाचं गाठोडं फाटकाशी ठेवून आई पाच कोस चालत परत गेली, हे शेवटचं वाक्य मात्र त्या भराभर उरकत.

"बरं," त्या म्हणाल्या. "हाकलायचं तर हाकल. पण धड दोरीने तरी हाकल! हिचा पीळ उजवा. उजवी दोरी बैल बांधायला. दाराला डावी लागते, हेही ठाऊक नाही? आणि मिरच्या? मिरच्या मुलगा झाल्यावर! शेजारी काय म्हणतील, आराचा रातोरात मुलगा झाला? मुलीला पाईनची डहाळी आणि कोळसा!"

"इंटरनेटवर मिरच्याच होत्या," आतून बारीक आवाज आला.

ग्वीनामबाईंनी ती नायलॉनची दोरी उपटली, किमचीच्या डब्यावर बैठक मारली आणि सोयाबीनच्या विटांचा पेंढा सोडला. तळहातावर थुंकायच्या बेतात होत्या, तेवढ्यात थांबल्या आणि बाटलीतलं पाणी शिंपडलं. मग डावा पीळ घालायला लागल्या. हात चालू, तोंडही चालू.

फोन वाजला. गावची शेजारीण चुनजा होती. चार-पाच दिवसांपूर्वी किमचीला तिचा चार वर्षांचा नातू सान बायकांच्या पायांत घुटमळत होता. ग्वीनामबाईंनी ताज्या किमचीच्या पानात डुकराच्या मांसाचा तुकडा गुंडाळून आपल्या हाताने त्याला भरवला होता. सानला तो तिखट लागला, अर्धा त्याने त्यांच्या तळहातावर परत दिला. अन्न टाकू नये म्हणून उरलेला ग्वीनामबाईंनी स्वतःच खाल्ला होता.

"अगं, आमच्या धाकट्या नातवाला दवाखान्यात नेलाय," चुनजा म्हणाली. "सहा महिन्यांचं पोर. साधी सर्दी म्हणत होतो. काल दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्या मोजून घ्या. नाकात बोळा घालून तपासलं, म्हणाले आर-काहीतरी. सानच्या बालवाडीत अर्धा वर्ग तेच."

"आता कसा आहे?"

"प्राणवायूची नळी लावलीय. सकाळी थोडं दूध घेतलं, आता बरं म्हणतात."

"आणि सान?"

"त्याला काय झालंय? उड्या मारतोय. नुसतं नाक गळतंय."

ग्वीनामबाईंनी फोन खाली ठेवला. हात थांबले होते. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, ज्यावर सानने तो घास थुंकला होता, आणि बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी त्यावर ओतलं. लिफ्टमधल्या तीन शिंकाही आठवल्या. खाली अजून कोण कोण बाळ घेऊन राहत असेल?

मग त्या पुन्हा पीळ घालू लागल्या, आता न बोलता. दोरी पुरी झाल्यावर खाली जाऊन बागेतल्या पाईनच्या दोन डहाळ्या तोडून आणल्या, जिन्याने, लिफ्टला हात न लावता. चौदा मजले.

"पोरी, कोळसा दे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कपड्यांच्या कपाटात ओल शोषायला ठेवतेस तो. दाराबाहेर ठेव आणि दार लाव."

कोळसा आला. त्यांनी तो डहाळ्यांमध्ये अडकवला आणि दोरी स्वतःच्या हाताने दाराला बांधली. नेहमीची एक नव्हे, दोन गाठी मारल्या. मास्क लावला आणि जिन्याच्या कठड्याला पाठ टेकेपर्यंत मागे सरकल्या.

"आता उघड. लांबूनच दाखव."

दार उघडलं. आतल्या खोलीच्या टोकाला यूजंग आराला घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते. आराला आजीत काही रस नव्हता; ती पाईनच्या डहाळीकडे बघत होती. मग नजर वर आली. दात नसलेल्या दोन हिरड्या दिसल्या.

"हसली!" थेसू आतून ओरडला. आजचं त्याचं हे दुसरं वाक्य होतं.

"माझ्यावर गेलीय," ग्वीनामबाई म्हणाल्या. त्यांना पुढे जाऊन ते गाल दोन्ही हातांत घ्यायचे होते. त्यासाठी त्या नव्व्याण्णव दिवस थांबल्या होत्या.

"आई, उद्याही याच वेळी या. दार उघडं ठेवते," यूजंग म्हणाली. "दहाएक दिवसांत सर्दी जाईल. मग…"

"दहा? माझी दोरी एकवीसच्या आत सुटत नाही."

"आई, दोरी नव्याने मोजायची नसते…"

"मला शिकवतेस?"

आरा पुन्हा हसली. आणि त्याच क्षणी ग्वीनामबाईंना नाकात हुळहुळलं. अजून दोन मिनिटं पाहता आलं असतं. त्यांनी नाक चिमटीत धरलं, दुसऱ्या हाताने खूण केली, दार लाव, दार लाव, लवकर.

दार लागलं. मग त्या जिन्याने दोन मजले उतरून थांबल्या, मास्कसकट कोपरात तोंड खुपसलं आणि शिंकल्या. लिफ्टमधल्या तीन धरून पंधरावी होती ती. या वेळी त्यांनी स्वतः मोजली.