कुरकुरणारी पेटी आणि मिस्त्रींची दाढ

मित्रांनो, मी एका जुन्या स्पोर्ट्स कारची डिफरन्शियल आहे. नाव ऐकून पळू नका. मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढी लोखंडी पेटी असते ना, ती मी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतलं रमतगमत येतं. दोघांना आपापल्या चालीनं जाऊ द्यायचं आणि तरी भांडू द्यायचं नाही, हे माझं काम. माझ्या पोटात एक ताटलीएवढं दातेरी चाक आहे, ते क्राउन. दुसरं पेरूएवढं, ते पिनियन. दोघांची जोडी कारखान्यातच जमली. दात एकमेकांत असे बसायचे, की मुंगीला शिंकायलासुद्धा जागा नव्हती.

गाडी लाल, दोन माणसांची, बिनछपराची. तरुणपणी आम्ही इतक्या जोरात पळायचो, की आमची सावली मागं राहायची आणि संध्याकाळी एकटीच चालत घरी यायची. खोटं वाटतंय? तिलाच विचारा.

मालकांनी याच गाडीवर आपल्या सुनेला गाडी चालवायला शिकवलं. सून दातांची डॉक्टर. मालक म्हणायचे, "सूनबाई, वळणावर घाबरू नकोस. मागं म्हातारी बसलीये, ती बघते सगळं." तेव्हा मी काही म्हातारी नव्हते, पण कौतुक कुणाला नको असतं?

मग मालक गेले. गाडीवर ताडपत्री पडली. तेल अडवणारं माझं रबरी सील सुकलं, तेल थेंबथेंब गळून फरशीवर गेलं, कुणाला पत्ता नाही. किती तरी वर्षांनी सूनबाईंनी, म्हणजे आमच्या डॉक्टर बाईंनी, गाडी बाहेर काढली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते एकच, घूंऽऽ. आधी हळू. मग एवढ्या मोठ्यानं, की गल्लीतली मांजरं बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे राहायला गेली. दवाखान्याच्या बाकावरच्या पेशंटना वाटायचं, बाईंनी ड्रिल सुरू केलं. ते दुखरा दात घेऊन पसार.

बाईंनी गॅरेजवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मला उघडलं. उरलंसुरलं तेल काळं, त्यात लोखंडाची चमचम.

"ही गेली, बाई. भंगारात टाका. माझ्याकडे टेम्पोची पेटी आहे, कापूनबिपून बसवतो."

टेम्पोची. मला.

"दात दुखतो म्हणून कुणी डोकं बदलतं का, मिस्त्री?"

"तुम्हाला काय, सगळीकडे दातच दिसतात."

"मग तुमचा गाल का सुजलाय?"

"थंडीनं."

"उन्हाळा आहे."

मिस्त्री पाना पुसत बसले.

"असं करा," बाई म्हणाल्या, "एकदा हिला नीट करून बघा. तरी घूं केलं तर खुशाल टाका भंगारात, मी चकार शब्द काढणार नाही. पण काहीही झालं तरी तुमची ती दाढ मला द्यायची."

सौदा ठरला, आणि जीव टांगणीला लागला माझा.

मिस्त्रींनी मला रॉकेलनं आंघोळ घातली. दात निघाले धडधाकट. झिजली होती ती बेअरिंग, म्हणून पिनियन डुगडुगत होतं. नवी बेअरिंग आली, नवं सील आलं. मग दातांना पिवळा रंग फासला आणि क्राउन हातानं फिरवलं. रंग पुसला गेला तो मधोमध नाही, दातांच्या टोकाशी.

बाईंनी डोकावून पाहिलं. "चावा चुकतोय हिचा."

"आम्हीही तेच म्हणतो," मिस्त्री गाल धरून म्हणाले. "तुम्ही काय लावता?"

"आम्ही निळा कागद चावायला देतो."

मग दोघं डोक्याला डोकं लावून माझ्या तोंडात बघत बसले. मिस्त्रींनी पिनियनमागची पातळ चकती बदलली. पुन्हा रंग. पुन्हा खोललं. शेवटी रंग नेमका दातांच्या मधोमध पुसला गेला, तेव्हाच मला नव्या तेलासकट बंद केलं.

आता मिस्त्रींची पाळी. म्हणे, ड्रिलचा आवाज सहन होत नाही.

"अहो, तुम्ही दिवसभर ग्राइंडर चालवता ना?"

"तो माझ्या तोंडात चालवत नाही, बाई."

दाढ निघाली. गालात कापसाचा बोळा ठेवून मिस्त्री गाडीत बसले. बाईंनी गाडी चढावर घातली आणि ॲक्सिलरेटर दाबला. मी दात आवळून धरले. आवाज नाही. वळण आलं. आवाज नाही.

आणि मग, घूंऽऽ.

बाईंचा चेहरा पडला. मी तर मनातल्या मनात भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन बसले. बाईंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

घूं चालूच.

बाईंनी हळूच शेजारी पाहिलं. मिस्त्री डोळे मिटून, बोळ्यामागून, गाणं गुणगुणत होते.

"मिस्त्री, तुम्ही?"

"झान झालतेय गाली," मिस्त्री म्हणाले. "थांबवली का?"

बाई इतक्या हसल्या, की सगळी मांजरं बिऱ्हाड घेऊन परत आली.

तर मित्रांनो, दात घासत जा, मिस्त्री आता घासतात. आणि घरात कुणी जुनं माणूस फार कुरकुरायला लागलं, तर वैतागू नका. जवळ जाऊन बघा. बहुतेक वेळा कुणी तेलपाण्याचं विचारलेलंच नसतं.