लाल दिव्याखालचे खडक

"सासरेबुवा, आज तुमचा लाल दिवा पास झाला नाही, तर उद्यापासून घरी पेपर वाचत बसायचं," जावई म्हणाला. तेही दिवा तपासायला आलेल्या कप्तानासमोर. जहाजांची उपकरणं बनवणारा आमचा कारखाना आता जावयाच्या हातात होता.

जहाज चालवण्याच्या खोलीत रात्री अंधार ठेवतात, तरच बाहेरचा समुद्र दिसतो. त्या अंधारात वाचता येतील अशी उपकरणं आणि नकाशाच्या टेबलावरचा दिवा मी बनवला होता. सगळा उजेड लाल. त्याने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. कारखान्यातल्या तशाच नमुना खोलीत आम्ही तिघे भरदुपारी काळे पडदे ओढून बसलो होतो.

"डोळे सरावायला वीस मिनिटं लागतील," मी म्हणालो.

"मला शिकवता?" कप्तान खेकसला.

"गप्प बसा हो," जावई मला म्हणाला. "अंधारात चाचपडायचा तुम्हाला तर जन्मभराचा सराव आहे."

कप्तान हसला.

वेळ झाल्यावर मी उपकरणं सुरू केली. वेग, दिशा, पाण्याची खोली, सगळे आकडे स्वच्छ दिसले. समोरच्या काचेत त्यांचं प्रतिबिंबही पडलं नाही. कप्तानाला खोड काढता येईना. "ठीक आहे," तो नाइलाजाने म्हणाला. त्याने आणलेला नवा नकाशा टेबलावर पसरला. मी दिवा लावला.

"मोकळं पाणी," म्हणत त्याने सहीसाठी पेन उघडलं.

पडदे ओढण्याआधी तो नकाशा मी पाहिला होता. तिथे लाल शाईने छापलेले तीन खडक होते. आता लाल उजेडात एकही दिसत नव्हता. मी दिवा फक्त काळ्या छपाईवर तपासला होता.

भिंत चाचपडत मी मोठा दिवा लावला.

"अहो, डोकं फिरलंय का!" जावई ओरडला. दोघांनी डोळे झाकले.

"नकाशा बघा," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

कप्तानाने तीन खडकांवर बोट फिरवलं. "या दिव्याने चाळीस माणसं बुडवली असती तुम्ही."

"माकडाच्या हाती कोलीत दिलं आम्ही," जावई म्हणाला. "कारखान्याची किल्ली ठेवा. दिवा मी करून घेतो, साहेब."

किल्ली जुडग्यातून लवकर निघेना. शेवटी निघाली. मी ती टेबलावर ठेवली.

"पांढरा दिवा घ्या," मी म्हणालो, "पण अगदी मंद. आणि रंगीत नकाशावर तपासा."

"झालं ना? निघा आता."

जावई पडदे उघडत होता. कप्तानाने माझ्याकडे न बघता नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं: पांढरा, मंद.