दस्तरखानावर कोण कुठं

चित्र बघा, नाव सांगा.

"हे काय आहे, आगा?" वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं राउझाने विचारलं.

ओंदासिनला ठाऊक होतं. पाऊस, काठी, वर ताणलेलं काळं कापड. शब्द तेवढा येईना. राउझाने तोंड उघडलं तसा तो खेकसला, "सांगू नकोस! खूण कर."

तिने डोक्यावर मूठ धरली.

"छत्री! पण पोरी, आपल्या शू गावात छत्री घेऊन फिरतो कोण? वारा आधी छत्री नेतो, मग माणूस."

राउझा हसली. स्टेशनामागच्या दवाखान्यात ती मेंदूचे व्यायाम घ्यायची. समोरच्या माणसाने सारी उमर रेल्वेच्या डब्यांची चाकं हातोडीने ठोकून तपासली होती. तडा गेलेलं चाक तो आवाजावरून ओळखायचा. हिवाळ्यात मेंदूला झटका आला. हातपाय सावरले, नावं मात्र सांडली ती सांडलीच.

काय चुकलं ते आठवा.

हे राउझाच्या कागदांत नव्हतं. हे तो एकटाच करायचा, रोज.

वसंतात थोरल्या भावाकडे, सायलाऊबेककडे, मेजवानी होती. मांसाचं वाटप नेहमीप्रमाणे ओंदासिनकडे. कमरेचं हाड कुणाला, छातीचा तुकडा कुठल्या जावयाला, हे त्याला विचारून सगळं गाव करी. त्या दिवशी त्याने उकडलेल्या मेंढ्याचं डोकं उचललं आणि आदराने एका पाहुण्यापुढे ठेवलं. पाहुण्याचा बाप शेजारीच बसला होता.

डोकं ज्याच्यापुढे येतं तो आधी त्याचा कान कापून लहान मुलाला देतो, आणि बाप जिवंत असताना मुलगा त्याच्यासमोर डोक्याला सुरी लावत नाही. शेंबड्या पोरालाही हे कळतं. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळ्यांचे हात थांबले. मग कुणीतरी फिदीफिदी हसलं, "ओंदासिनने म्हाताऱ्याला जिवंतपणीच पुरलं की!"

तेव्हापासून वाटपाची परात त्याला वगळून पुढे जाऊ लागली. त्याची जागा दाराजवळ, सगळ्यात कमी मानाच्या टोकाला सरकली.

आता शरदात त्याच्या लेकीचे, आकमारालचे, होणारे सासरचे पहिल्यांदा घरी येणार होते.

"तू निवांत बस," सायलाऊबेक म्हणाला. "वाटप मी करतो."

"मुलगी माझी आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

झाकलेलं काय ते ओळखा.

"जहाज, द्राक्षं, टेलिफोन," ओंदासिन राउझावर वैतागला. "हे लक्षात ठेवून मी काय करू?"

"मग काय लक्षात ठेवायचंय तुम्हाला?"

"माणसं. आणि कुणाला कोणतं हाड."

"तर तीच आणा की इथं."

त्याने आसिक आणले, मेंढ्यांच्या घोट्याची हाडं, मुलं खेळतात ती. एकेका हाडाला एकेका पाहुण्याचं नाव. तांबडं म्हणजे व्याही, निळं विहीणबाई. राउझा वर रुमाल टाकी, एक काढून घेई.

"कोण उठून गेलं?"

घरी हे काम बायकोने, कुन्सुलूने घेतलं. चहा गाळता गाळता ती हाडांच्या जागा बदलायची.

"अहो, तुमची आत्या बघा, साखरेच्या भांड्यात जाऊन बसली!"

"तिची सवयच आहे ती. आणि तू जावयाला दाराशी का बसवलंस?"

कुन्सुलूचा हात थबकला. तिने जावयाला खरंच दाराशी बसवलं होतं. तिने त्याच्या चहावर साय जास्त घातली.

पहिल्यांदा नावं अडखळत आली. मग दोन-दोन, मग घोळक्याने. एके सकाळी तो सायलाऊबेककडे जाऊन उभा राहिला. "वाटप मी करणार. चुकलो तर जन्मभर दाराशी बसेन."

भावाने मिशी चाचपली. "डोकं व्याह्यांना. एवढं विसरू नकोस म्हणजे झालं."

आता कागद बाजूला ठेवा.

पाहुणे आले. तांबडा व्याही, निळी विहीण, सगळे ठरल्याप्रमाणे. आणि मागून, दोन नातवांच्या खांद्यांवर हात टाकून, कुठल्याच हाडात नसलेला एक म्हातारा.

"बाबा ऐकेनातच," व्याही म्हणाले. "नातसुनेचं घर बघायचंच म्हणून हटून बसले."

परात आली. वाफेमागे सगळे चेहरे मिसळले. ओंदासिनने डोकं उचललं.

"व्याह्यांना," सायलाऊबेक कानाशी कुजबुजला. "ठरलंय ना? दे लवकर."

ओंदासिन थांबला. इतका वेळ थांबला की कुन्सुलूने ओढणीचा काठ मुठीत धरला. चाकावर हातोडी पडल्यावर तो थांबायचा तसा तो थांबला होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "बाप समोर असताना?"

सायलाऊबेकचा चेहरा पडला. ओंदासिन वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, या घराचा मान तुमचा."

व्याह्यांनी छातीवर हात ठेवला. मग ओंदासिनने हात थांबवलेच नाहीत. कमरेचं हाड, मांडीचं हाड, छातीचा तुकडा, ज्याचं त्याला, नावानिशी, आत्याला तिच्या माहेरच्या लाडक्या नावानिशी.

"अरे, हा तर पहिल्यासारखा झाला!" आत्या ओरडली.

"नाही आत्या, पहिल्यापेक्षा हुशार. आता मी तयारी करून येतो."

हशा उसळला. सायलाऊबेकने त्याच्यासाठी स्वतःशेजारची, वरची गादी झटकली.

त्या गलक्यात फक्त ओंदासिनने पाहिलं. म्हाताऱ्याने सुरी हातात धरली होती आणि तो डोक्याकडे बघत नुसता बसला होता. पुढे काय करायचं, ते त्याच्याकडून निसटलं होतं. शेजारी व्याह्यांची लहानगी नात कानाच्या तुकड्यासाठी हात पसरून वाट बघत होती.

ओंदासिनने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हाताऱ्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत तो थांबला. मग, खाज सुटल्यासारखं करत, त्याने आपला कान खाजवला.




म्हाताऱ्याने सावकाश मेंढ्याच्या कानाला सुरी टेकवली.