सगळ्यांची डिकी

चारुदत्तने ती जुनी अमेरिकन गाडी घरी आणली, तेव्हा साधनाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही लावायची कुठे?"

चारुदत्तने उत्तर द्यायच्या ऐवजी डिकी उघडून दाखवली. "बघ. पुण्यातली आपली बाल्कनी तरी एवढी होती का?"

नव्हती. पण शारजाच्या रोल्ला भागात त्यांच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीचं नाक बसलं, तर शेपूट रस्त्यावर राही. त्यामुळे ती मागच्या वाळूच्या मैदानात उभी असे, आणि किराण्याच्या पिशव्या घेऊन तिथून चालत यायचं काम साधनाकडे.

तेही तिने चालवून घेतलं असतं. डिकीची कीर्ती मात्र शारजाभर पसरली. मराठी मंडळाच्या स्टेजचे पडदे आले ते गणपती गावाला गेले तरी हलले नाहीत. कुणाला घर बदलायचं असलं, कुणाला जुना फ्रिज हलवायचा असला, की फोन येई, "दादा, तुमची गाडी आहे म्हणून विचारतोय." शेजारच्या मरियमबींचा गालिचा धुवायला न्यायचा होता, तोही आठवडाभर आत लोळत होता.

"आपण गाडी घेतलीय की गोदाम?" साधना विचारी.

"अगं, जागा आहे तर देऊया ना," चारुदत्त म्हणे. नाही म्हणायची वेळ आली की त्याला नेमका ऑफिसचा कॉल येई.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते उम्म अल कुवैनच्या समुद्रावर जाणार होते. साधनाने सकाळी उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. लेकीला, अवनीला, तयार केलं. तोवर चारुदत्त इंडस्ट्रियल एरियात जाऊन नागेशला घेऊनही आला. नागेश तिथे फिटर होता, मंडळाचं स्टेज तोच उभारायचा. बहिणीच्या, स्वप्नालीच्या लग्नाला निघाला होता. संध्याकाळी शारजाहून विमान.

"त्याला एअरपोर्टला सोडू आणि यल्ला, चला, तसेच पुढे," चारुदत्त म्हणाला.

साधनाने पुऱ्यांचा डबा भरला. बोलायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

नागेशच्या बॅगा आत गेल्या. पासपोर्टची छोटी बॅग चारुदत्तने स्वतःच्या हाताने आत ठेवली आणि डिकी आपटली. मग त्याला पाण्याच्या बाटल्या आठवल्या. त्याने पुन्हा किल्ली घातली, जोर लावला, आणि अर्धी किल्ली त्याच्या हातात आली.

सगळे त्या अर्ध्या किल्लीकडे बघत राहिले.

"वहिनी, पासपोर्ट आत आहे," नागेश हळूच म्हणाला.

"मला दिसलं ते," साधना म्हणाली.

ओळखीचा मेकॅनिक अर्सलान नमाज आटोपून आला. कुलूप ड्रिल करायला गाडी गॅरेजात न्यावी लागेल आणि गॅरेज आज बंद, असं त्याने सांगितलं. मग मागची सीट सोडवून बाहेर काढली. पाठीमागे लोखंडी पट्ट्यांमध्ये एक भोक होतं. नागेशचं डोकं आणि एक हात आत गेला, खांदे अडकले. चारुदत्तच्या पोटाचा प्रश्नच नव्हता. अवनीला पाठवायला साधनाने साफ नकार दिला.

"कोई दुबला आदमी चाहिए," अर्सलान म्हणाला. मग तिघेही पुरुष साधनाकडे बघू लागले.

तिने ओढणी कंबरेला बांधली आणि शिरली. आधी पासपोर्टची बॅग बाहेर ढकलली, मग नागेशच्या बाकीच्या बॅगा कशाबशा आडव्या करून काढल्या. तो सारखा "सॉरी वहिनी" म्हणत होता. शेवटची बॅग गेल्यावर ती दम खायला मरियमबींच्या गालिच्यावर टेकली. टेकली ती आडवीच झाली. पाय लांब करता येत होते. अंधार होता, गारवा होता, आणि तिच्याकडे कुणी काही मागत नव्हतं. अशी जागा तिला गेल्या कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

"साधना, ये ना बाहेर. झालं."

"येते."

ती आली नाही.

"मम्मा, आर यू स्टक?" अवनीने विचारलं.

"नाही गं. मी बसलेय."

चारुदत्तने भोकातून तोंड घातलं. "अगं, नागेशला उशीर होतोय."

"त्याला टॅक्सी कर. बॅगा मिळाल्यात त्याला. आणि ऐक, हे पडदे उद्या मंडळात परत जाणार. यापुढे डिकीसाठी कुणाचा फोन आला तर तो मी उचलणार."

"लोकांना काय वाटेल?"

"मी नाही म्हटलं असं वाटेल. तुला नाही जमत ना? मला जमतं."

बाहेर नागेश टॅक्सीला हात करत होता. जाता जाता गाडीच्या मागच्या पत्र्यावर थाप मारून तो म्हणाला, "येतो वहिनी. स्वप्नालीला तुमचा आशीर्वाद सांगतो."

"सुखरूप जा," ती आतूनच म्हणाली.

"बरं," चारुदत्त शेवटी म्हणाला. "तू घे फोन."

समुद्र त्या दिवशी राहिलाच. सीट परत बसेपर्यंत ऊन उतरलं होतं. पण त्याआधी साधनाने पुऱ्यांचा डबा आत मागवून घेतला आणि पहिली पुरी डिकीतच बसून, सावकाश खाल्ली.