नडगीवरचा थर

पडद्यावर नडगीचे चार एक्स-रे होते. दोन समोरून, दोन बाजूने. बाजूच्या दोन्हींत, हाडाच्या मागच्या कडेला नवं हाड धरलेलं. एकच थर, जाड आणि गुळगुळीत.

"ट्यूमर धरून चल," सर म्हणाले. "उद्या बायोप्सी. लिही रिपोर्ट."

एक्स-रे विभागात या शिकाऊ डॉक्टरीणबाईला सगळे भिंग म्हणत, इतकी ती पडद्याला नाक लावून बसायची. तिने लिहायला घेतलं नाही.

"सर, थर सलग आहे. कांद्यासारखे पापुद्रे नाहीत, काटे उभे राहिलेले नाहीत. ट्यूमरला इतकं नीटनेटकं बांधकाम जमत नाही."

"आणि जमलं असेल तर? पोर सोळा वर्षांची आहे. मी जुगार खेळत नाही."

"जुगार बायोप्सीतच आहे. भरून येणारं कोवळं हाड सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरसारखं दिसू शकतं. एकदा तो शिक्का बसला, की पाय वाचवायला कोण येणार?"

सरांचा नियम होता, रिपोर्ट होईपर्यंत पेशंटशी बोलायचं नाही. बोलण्याने नजर बिघडते. ती उठली आणि थेट बाहेरच्या बाकापाशी गेली. मुलगी आत्याला टेकून बसली होती.

"पळतेस का गं?"

"शाळेच्या संघात आहे. स्पर्धेसाठी सध्या चढावर पळतो."

"मी सांगून सांगून घसा कोरडा केला," आत्या म्हणाली. "लंगडत येते, आणि दुखत नाही म्हणून मलाच शिकवते."

"रात्री दुखतं?"

"नाही. पळतानाच."

ती आत आली तेव्हा सरांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"नियम मोडलास."

"मोडला. दुखणं पळण्याचं आहे, सर. आधी पातळ कापांचा सीटी स्कॅन करू, ताणाने हाडाला भेग पडली असेल तर त्यात दिसेल."

"माझ्या सहीशिवाय रिपोर्ट जात नाही."

"रिपोर्ट राहू दे. आपली मतं जुळत नाहीत, एवढं मी सर्जनना फोनवर सांगते."

"ट्यूमर निघाला तर मला तोंड दाखवू नकोस."

"नाही दाखवणार," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरच फोन उचलला. सर्जनने बायोप्सी थांबवली. सीटी दुपारी झाला. पडद्यासमोर दोघं शेजारी बसली.

नडगीच्या मागच्या भिंतीत आडवी भेग. लांबी सहा मिलिमीटर. गाठ नाही.